आउलबेअरचा रस्सा: एका फाशात की मिठाच्या हिशेबासकट?

रावपुरा_रेंजर
डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या फाशांच्या खेळात आउलबेअर (अर्धा घुबड, अर्धा अस्वल असा राक्षस) पडला रे पडला की कुणीतरी म्हणतंच, 'आम्ही याचा रस्सा करतो.' सर्व्हायव्हलचा (रानात टिकण्याच्या कौशल्याचा) एक फासा, पंधरा आले, सगळ्यांना पाच हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण), चला पुढे. मला हे पटत नाही. शिकार खायची तर तिची किंमत मोजायला लावा. किंमत म्हणजे वेळ, मीठ आणि धूर.

मांस कमी पडतच नाही. तिसऱ्या आवृत्तीत आउलबेअरचं वजन १,५०० पौंडांपर्यंत दिलंय. हाडं, कातडं, आतडी वजा करून निम्म्याहून कमी धरलं तरी ७०० पौंड. २०१४ च्या नियमांत माणशी रोज १ पौंड अन्न लागतं, म्हणजे चौघांची जवळजवळ सहा महिन्यांची सोय. पण ते टिकवणार कसं? शॉर्ट रेस्ट (खेळातली छोटी विश्रांती) तासाभराची. मांडीचा जाड तुकडा तेवढ्यात वातडच राहतो, तो मऊ पडायला मंद आचेवर तीनेक तास हवेत. लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) आठ तासांची, पण त्यात हलकं काम फार तर दोन तास. तेवढ्या वेळात एक जण २० पौंड मांसाचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करील आणि अडीच टक्के मीठ चोळील. म्हणजे अर्धा पौंड मीठ. किमतीच्या तक्त्यात पौंडाला तांब्याची ५ नाणी, महाग नाही, पण पिशवीत असायला तर हवं! मग पहाऱ्यावरच्यांनी रात्रभर धुरावर वाळवायचं. सकाळी हाती सातेक पौंड. आणि रात्रभर धूर केल्याबद्दल डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) भटक्या राक्षसांसाठी एक फासा जादा टाकायचा.

फासा_वीस
हा स्वयंपाक की किराणा दुकानाची वही? पाच हिट पॉइंट जास्त होतात हे मान्य. पण त्यावर उपाय नियमांतच आहे. स्वयंपाकाची भांडी घ्या (८ पौंड, सोन्याचं १ नाणं). २०१७ च्या पुरवणीप्रमाणे शॉर्ट रेस्टमध्ये जेवण रांधलं की रांधणारा आणि आणखी पाच जण, प्रत्येकाला वापरलेल्या दर हिट डाइसमागे (विश्रांतीत जीव भरून काढायचा फासा) १ हिट पॉइंट जादा. तिसऱ्या लेव्हलला फार तर तीन. झालं, विषय संपला. आणि पार्टीत (पात्रांच्या टोळीत) ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) असेल तर एका गुडबेरी मंत्रात दहा बेऱ्या, एक बेरी म्हणजे एका माणसाचं दिवसाचं जेवण. मीठ कोण मोजत बसणार?

रावपुरा_रेंजर
ड्रुइडचा स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) जातो ना, तीच त्याची किंमत. गुडबेरी असलेल्या टेबलाला माझा नियम नकोच. माझं म्हणणं जंगलात आठवडाभर अडकलेल्या पार्टीसाठी आहे. २०१४ च्या नियमांत उपाशीपोटी ३ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर इतकेच दिवस निघतात, पुढे रोज एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी. तिथे अर्धा पौंड मिठालाही भाव येतो.

कलेजी_नको
रेंजर, तुमच्या कृतीत मोठी चूक आहे. आउलबेअर अर्धा अस्वल. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला हा कृमी असू शकतो, आणि मीठ, धूर किंवा वाळवण यांनी तो मरेलच असा भरवसा नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला गेलंच पाहिजे. तेव्हा काप आधी उकळत्या पाण्यात शिजवून घ्या, मग मीठ आणि धूर. नाहीतर दोन दिवसांनी पोट बिघडेल आणि पुढे अंगदुखी. तोवर पार्टी गुहेत खोलवर गेलेली असते, म्हणून तर डीएमला मजा! कलेजी सरळ फेकून द्या. ध्रुवीय अस्वलाच्या कलेजीत 'अ' जीवनसत्त्व इतकं असतं की माणसाला विषबाधा होते.

विषारी प्राण्यांचंही तेच, विष कसं लागतं ते आधी बघा. वायव्हर्न या उडत्या राक्षसाचं विष जखमेतून भिनतं, गिळल्यावर नियमाप्रमाणे काही होत नाही. तोंडात फोड असेल तर मात्र मी सेव्ह (विषापासून वाचायचा फासा) मागेन. कॅरियन क्रॉलर या सरपटत्या राक्षसाचा चिकट स्राव नुसत्या स्पर्शानं बाधतो, त्यामुळे आधी आडवा होतो तो सुरी चालवणारा.

लीलो_चेवडो
तुम्ही मांसाचं वजन करत बसलात. बडोद्यातल्या टेबलावर पाचात दोन जण जैन निघणारच. त्यांच्यासमोर आतडी काढण्याचं वर्णन किती करायचं हे पहिल्या बैठकीतच विचारून घ्या. त्यांची पात्रं पहारा देतील, लाकडं आणतील, मसाल्याची पुडी सांभाळतील. 'मग श्रीकर (खेळातला किंचाळणारा राक्षस) शिजवू या, ती बुरशीच आहे' असंही सुचवू नका. जैन माणूस मशरूमसुद्धा खात नाही.

आणि मांसाहाऱ्यांसाठीही एक रेघ हवी: ज्याला भाषा येते तो ताटात नाही. आउलबेअरची बुद्धी ३, बोलत नाही, चालेल. ट्रोल या राक्षसाची ७, आणि तो जायंट ही दैत्यांची भाषा बोलतो.

फासा_वीस
ट्रोल तसाही नको. २०१४ च्या नियमांत त्याचे दर टर्नला १० हिट पॉइंट भरून येतात, आग किंवा ॲसिड लागलं तरच थांबतं. कच्चा घास पोटात भरून यायला लागला तर?

असो. कलेजी_नको, क्लेरिकला (देवाच्या नावानं जादू करणाऱ्याला) 'प्युरिफाय फूड अँड ड्रिंक' हा मंत्र रिचुअल (सावकाश विधी) म्हणून करता येतो. दहा मिनिटं जास्त लागतात, स्लॉट जात नाही. पाच फुटांच्या त्रिज्येतलं जादू नसलेलं अन्न विष-रोगमुक्त. वीस पौंड काप एका ढिगात सहज मावतात. कृमी गेला की नाही?

कलेजी_नको
कृमीला रोग धरलं तर गेला. पण रिचुअल काप केल्यावर आणि धुरावर टांगायच्या आधी करा, दोऱ्यावर पसरलेले काप पाच फुटांत राहत नाहीत. वातडपणा मात्र तसाच.

रावपुरा_रेंजर
मग उकळायचं पाणी वाचलं. कृतीत बदल करतो. धुराचा जादा फासा राहणार.