मदत हवी आहे: बुधवारचा बायबल अभ्यास, पुढच्या बुधवारपर्यंत कुणाच्या काही लक्षातच राहत नाही

सलाम सगळ्यांना. साताऱ्यात आमची छोटी ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे, रविवारी उपासनेला साठ-सत्तर जण आणि बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पंधरा-सोळा. पाळकसाहेबांकडं अजून दोन गावं आहेत म्हणून बुधवारचं माझ्या गळ्यात पडलंय. मी काय थिऑलॉजी शिकलेला नाही, एमआयडीसीत सुपरवायझर आहे.

अडचण अशी की ज्याची पाळी तो आपल्या मनानं विषय घेतो, एकदा क्षमा, एकदा दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देणं, मधेच बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, आणि बऱ्याचदा यूट्यूबवर ऐकलेलंच असतं. मागच्या बुधवारी मी सहज विचारलं, गेल्या वेळी काय शिकलो ओ आपण? कुणी काय बोलेना, आतनं कुकरची शिट्टी तेवढी आली. मग एक काकू म्हणाल्या, "भजी होती की गरमगरम." हसलो सगळे, पण गाडीवरनं घरी येताना वाईट वाटत राहिलं कारण गेल्या वेळी मीच बोललो होतो, चांगला पाऊण तास.

आता डोक्यात असंय की विषय बंद, बायबलातलं मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं लिहिलेलं येशूचं चरित्र, सुरुवातीपासनं धरायचं. १६ अध्याय, आठवड्याला एक, सप्टेंबरात सुरू केलं तर डिसेंबरच्या मध्याला नाताळाच्या गडबडीआधी संपतंय. पण मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात पोरं कंटाळतील, शेवटी पेपर ठेवा. पेपर ठेवला तर आमच्या एक आजी यायच्या बंद होतील, त्यांना वाचता येत नाही आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मन लावून त्याच ऐकतात. कुणी असं केलंय का?

प्रतिसाद, मिरजेहून
केलंय. पेपर नको दादा, शाळा सुटली एकदाची. आणि आठवड्याला एक अध्याय हे गणित चौदाव्याला फसतं, ७२ वचनं आहेत त्यात, दोन बुधवार ठेवा. आम्ही पाऊण तासाचं भाषणच काढून टाकलं, दोनदा मोठ्यानं वाचायचं आणि मग एकच विचारायचं, यातलं कोण मी आहे? दुसऱ्या अध्यायात चौघं छप्पर उसकटून पक्षघाती माणसाला खाली सोडतात, त्यावर आमच्यातला एक गप्प राहणारा पोरगा म्हणला मी खाटेवरचा. पुढचा तासभर त्याच्यासाठीच प्रार्थना झाली.

प्रतिसाद
आजींसाठी शेवटी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, म्हणजे आपल्या ख्रिस्ती कवीचं, एखादं भजन घ्या, महिनाभर तेच. १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो तुमच्याच साताऱ्यात, आणि तुम्ही यूट्यूब बघताय होय!

धागाकर्ता
बरोबर बोललात, लाज वाटली. चौदावा दोन बुधवारांत करतो. भजन कुठलं ते आजींनाच विचारतो, त्यांना पुस्तक लागतच नाही. भजी मात्र बंद करायची हिंमत नाही.