डाव्या कुल्ल्यातून करंगळीपर्यंत कळ: हाडांचा डॉक्टर की नसांचा?

घाटवाट:
एसटीत चालक आहे, कराड-चिपळूण. कुंभार्ली घाटात क्लच दाबला की डाव्या कुल्ल्यातून कळ निघते ती मांडीमागून पोटरीत आणि पार करंगळीपर्यंत. खोकलं तरी झटका. कंबर मात्र अजिबात दुखत नाही, म्हणून गोंधळ. बायको म्हणते हाडवैद्य, मेहुणा म्हणतो थेट न्यूरोसर्जन (त्याला सगळंच थेट लागतं).

फिजिओताई:
दादा, कंबर न दुखताही मणक्यातली गादी नसेवर दाबू शकते. खोकल्यावर झटका आणि करंगळीपर्यंत कळ, म्हणजे एस-१ नसेचा (मणक्याच्या खालच्या टोकातून पायात उतरणारी नस) संशय. आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. ते उताणं झोपवून पाय सरळ उचलतील, चवड्यांवर चालवतील. एमआरआय लगेच लागतोच असं नाही. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत औषध-व्यायामाने उतार पडतो. हाडवैद्याकडून कंबर मोडून घेऊ नका, हात जोडते.

जुना_रुग्ण:
पाकीट मागच्या खिशात ठेवता का? बसल्यावर ते कुल्ल्यातली नस दाबतं, आधी काढा.

घाटवाट:
ठेवतो! साखरही आहे थोडी. त्याने होत असेल?

फिजिओताई:
साखरेची जळजळ बहुधा दोन्ही तळपायांत असते. तशी असेल तर न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे नसांचा पण ऑपरेशन न करणारा डॉक्टर. पण पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत बधिरपणा आला, तर ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. तिथे मेहुण्याचं बरोबर.