2 फुटी टाकीत माशांबरोबर चेरी श्रिंप जमतील का?

सिंहगडरोडकर: नमस्कार मंडळी. टाकी 24×12×12 इंच, जुनी, सायकल झालेली (घाण पचवणारे जिवाणू तयार झालेली). आत 8 निऑन टेट्रा, 3 कोरी (तळाशी राहणारे मासे), 4 गप्पी आणि एक लहान एंजल मासा. फिल्टर पॉवर हेडवाला (पाणी ओढणारी मोटर असलेला). 10-12 चेरी श्रिंप (छोट्या लाल कोळंब्या) सोडायचेत. दुकानदार म्हणतो सोबत निळा लॉबस्टरपण न्या, काही करत नाही. पाणी कॉर्पोरेशनचं, पण उन्हाळ्यात टँकर येतो. मध्यंतरी व्हाइट स्पॉटचं (माशांवर पांढरे ठिपके येण्याच्या रोगाचं) औषध टाकलं होतं. आधी काय काय बघू?

मॉसवाला: लॉबस्टर पहिला बाद करा. दुकानात या नावाने मिळतो तो क्रेफिश. दिवसा दगडाखाली गप्प बसतो, म्हणून गरीब वाटतो. लाइट बंद झाली की तळाशी निजलेल्या कोरी त्याच्या नांगीत सापडतात, झाडं बुडापासून कापतो ते वेगळंच. शिवाय एअरची नळी धरून टाकीबाहेर पडतो. त्याला वेगळी टाकी आणि घट्ट झाकण हवं.

एंजलही कुणाला तरी देऊन टाका. वाढल्यावर 12 इंच उंची त्याला पुरत नाही, आणि तोंडात मावेल तो श्रिंप त्याचा घास. कोरी निरुपद्रवी. निऑन-गप्पी अडीच-तीन सेंटीमीटरच्या श्रिंपच्या वाटेला जात नाहीत, पण पिल्लं जेमतेम 2 मिलिमीटरची असतात. दिसली की संपली. पिल्लं हवी असतील तर एक-तृतीयांश तळ झाकेल एवढा जावा मॉस (पाण्यातलं शेवाळ) आधी लावा आणि दोन-तीन आठवडे रुजू द्या. त्यावर धरणारा बारीक थर हेच त्यांचं मुख्य खाणं. पॉवर हेडच्या तोंडाला स्पंज बसवा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. माझं मत विचाराल तर सरळ एअर पंपवरचा स्पंज फिल्टर घ्या. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही.

बोअर_वि_धरण: औषधाच्या बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिलंय का, ते आधी वाचा. माशांना चालणारं तांबं श्रिंपना मारतं. असेल तर 25 टक्के पाणी दोन-तीनदा बदला आणि मध्ये फिल्टरमध्ये कार्बन ठेवा. त्यानंतर आधी दोनच श्रिंप सोडून बघा.

पाण्याचं म्हणाल तर टँकरच्या जडपणापेक्षा अचानक होणारा बदल जास्त मारतो. कॉर्पोरेशनचं, म्हणजे खडकवासला धरणाचं पाणी मऊ, टँकर बहुतेक बोअरचा. सवय नसताना एकदम अर्धी टाकी बदलली की श्रिंप वेळेआधी कात टाकतात आणि त्यात अडकून मरतात. मानेभोवती पांढरं कडं दिसलं तर हेच समजा. त्यामुळे आठवड्याला 10 टक्के, तेही क्लोरीन काढून. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) जवळ ठेवा: 150 ते 300 मध्ये कुठेही चालेल, पण एका जागी स्थिर हवा. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात कवचाला लागणारं कॅल्शियम नसतं. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा एक तुकडा टाकीत पडू द्या.

सोडताना मेडिकलमधला सलाइनचा सेट वापरा. पिशवीतलं पाणी श्रिंपसकट बादलीत ओता, त्यात सेटने टाकीचं पाणी सोडा, सेकंदाला 2-3 थेंब, तास-दीड तास. मग जाळीने उचलून टाकीत. पिशवीचं पाणी टाकीत नको.

मे महिन्यात पाणी 30 च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी पडतो. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला तर 2-3 अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओनेच घाला, कारण क्षार खालीच राहतात.

सिंहगडरोडकर: एंजल जातोय, लॉबस्टर रद्द. मध्येच एखादा श्रिंप पारदर्शक पोकळ होऊन पडलेला दिसला तर मेला समजायचा का? आणि हॉलमध्ये रात्री मच्छरचं मशीन लावतो, चालेल ना?

मॉसवाला: पारदर्शक, डोळ्यांच्या जागीही नुसतं साल, पाठीवर फट: ती कात आहे. काढू नका, कॅल्शियमसाठी बाकीचे ती खातात. मेलेला श्रिंप गुलाबी-पांढरा अपारदर्शक होतो, तो लगेच काढा.

मशीन अजिबात नको. त्यातलं औषध किड्यांइतकंच श्रिंपनाही लागू पडतं, आणि एअर पंप हॉलमधली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. कॉइल, स्प्रे, पेस्ट कंट्रोल सगळ्याला हेच लागू. खिडक्यांना जाळ्या बसवा, नाहीतर टाकी दुसऱ्या खोलीत हलवा.