सायकल टू वर्क योजनेतून हिवाळ्यासाठी रोड बाइक: १२०० पौंडांत काय बसतं?

ऑटली_ते_लीड्स

लीड्समधल्या एनएचएस रुग्णालयात नोकरी आहे, पगार वर्षाला ३८,००० पौंड. ऑटलीहून ए६६० ने जाऊन-येऊन साधारण २२ मैल होतात, आठवड्यातून तीन दिवस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की परतीचा प्रवास अंधारात, आणि ब्रॅमहोपकडून ऑटलीत उतरणारा रस्ता बहुतेक वेळा ओला. उन्हाळ्याची सायकल आहे, पण तिला मडगार्ड बसत नाहीत आणि बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यावर ती घालायची नाही.

सायकल टू वर्क योजनेत नोकरी देणारी संस्था सायकल भाड्यानं देते आणि तिचे पैसे कर कापण्याआधीच्या पगारातून वळते करते. त्यातून १२०० पौंडांपर्यंत घ्यायचा विचार आहे. प्रश्न असे:
१. जाहिरातीत बचतीचे मोठे आकडे दिसतात. खरी बचत किती?
२. क्लॅरिस गिअरसंचाची घ्यावी की पैसे ताणून वरच्या टियाग्राची?
३. एका दुकानात मागच्या वर्षीची कार्बन बाइक सेलमध्ये आहे. ती हिवाळ्यात चालेल का?
उंची ५ फूट ३ इंच, म्हणजे फ्रेम लहान लागेल.

पगारपत्रक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, सायकलीचं इतर लोक सांगतीलच.

३८,००० वर तुम्ही २० टक्के कराच्या टप्प्यात आहात आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विमा वर्गणी) ८ टक्के. म्हणजे पगारातून जे १०० पौंड कापले जातील, त्यातले २८ तसेही सरकारकडेच गेले असते. १२०० चं पॅकेज १२ महिन्यांत फेडलं तर महिन्याला १०० कापले जातात आणि हातातली रक्कम ७२ ने कमी होते. वर्षाला ८६४.

पण इथं गोष्ट संपत नाही, आणि जाहिरातीही नेमक्या इथंच थांबतात. हे १२ महिने तुम्ही सायकल भाड्यानं वापरत असता, ती तुमच्या मालकीची नसते. वर्ष संपल्यावर लगेच नावावर करून घ्यायची तर कर खात्याच्या तक्त्यानुसार ५०० पौंड किंवा त्याहून महाग सायकलीची किंमत मूळ किमतीच्या २५ टक्के धरतात, म्हणजे ३०० पौंड. ८६४ आणि ३०० मिळून ११६४. सगळ्या उठाठेवीनंतर वाचले ३६ पौंड!

म्हणून बहुतेक योजनांमध्ये दुसरा रस्ता असतो: भाडेकरार आणखी ३६ महिने वाढवायचा आणि ७ टक्के अनामत भरायची. चार वर्षांच्या सायकलीची तक्त्यातली किंमत तेवढीच असते, त्यामुळे शेवटी वेगळं काही द्यावं लागत नाही. १२०० वर ८४ पौंड. एकूण ९४८, बचत २५२, म्हणजे २१ टक्के. तुमच्यासाठी खरा आकडा हा. ४० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला हीच सायकल ७८० ला पडते, म्हणून ऑफिसातल्या साहेबाचं गणित ऐकून आपलं करू नये.

यातून निघणारी सरळ गोष्ट: तीच सायकल दुसरीकडे रोखीनं २५ टक्के सवलतीत मिळत असेल तर ९०० ला पडली, योजनेपेक्षा स्वस्त, आणि पहिल्या दिवसापासून तुमची. शिवाय योजना चालवणारी कंपनी दुकानदाराकडून कमिशन घेते, त्यामुळे सेलच्या मालावर काही दुकानं योजनेचं व्हाउचर घेत नाहीत किंवा सवलत कमी करतात. अर्ज करण्याआधी विचारा.

एनएचएसवाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, कापलेली रक्कम पेन्शनपात्र पगारातून वजा होते. २०१५ च्या योजनेत दर वर्षी पगाराचा ५४ वा हिस्सा पेन्शनमध्ये जमा होतो, तेव्हा १२०० मागे वर्षाला साधारण २२ पौंडांचं भावी पेन्शन जातं. त्या पैशांवरचा पेन्शनचा हप्ताही कापला जात नाही, त्यामुळे दर महिन्याला ७२ पेक्षाही कमी गेल्यासारखे दिसतात. ती बचत नव्हे. दोन, एका ट्रस्टमधून (रुग्णालयं चालवणाऱ्या एनएचएस संस्थेतून) दुसऱ्यात गेलात तरी ती नोकरी सोडणंच. उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून, कर कापून झाल्यावर वसूल होतात. वर्षभरात बदलीचा विचार असेल तर या भानगडीत पडू नका.

बाळंतपणाची रजा जवळ असेल तर रजेतला पगार ज्या महिन्यांच्या सरासरीवर ठरतो ते महिने तपासा. आणि स्किल्ड वर्कर व्हिसावर असून पगार किमान मर्यादेला चिकटून असेल तर सही करण्याआधी एचआरकडून लेखी घ्या.

नटबोल्ट

तिसरा प्रश्न आधी निकालात काढू. त्या कार्बन बाइकला मडगार्डची भोकं आहेत का? नसतील तर विषय संपला. कार्बनला मिठानं काही होत नाही, पण मडगार्ड नसलेली सायकल हिवाळ्याची नव्हे, मग ती कशाचीही असो. चाकावरून उडणारं पाणी नुसतं पाठीवर येत नाही. ते हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) खालच्या बेअरिंगमध्ये, पुढच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात) आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलच्या आसाच्या बेअरिंगमध्ये) जातं, आणि त्यात वाळू आणि मीठ दोन्ही असतं.

दुकानात किंवा वेबसाइटवर ‘३२ मिमी टायर बसतो’ असं लिहिलेलं असतं, ते बहुधा मडगार्डशिवाय. मडगार्ड लावल्यावर किती, हा आकडा वेगळा मागायचा. नव्या स्पेशलाइझ्ड अलेला, म्हणजे डिस्क ब्रेकवाल्या २०२३ च्या रचनेला, ३५ चा टायर बसतो आणि मडगार्डसह ३२ चा. हिवाळ्यासाठी हे पुरेसं आहे. ट्रेक डोमेन एएल २, जायंट कंटेंड एआर, रिबल सीजीआर एएल ही त्याच पंगतीतली नावं. चौघीही ॲल्युमिनियमच्या. यांतली जी तुमच्या मापात आणि बजेटात मिळेल ती घ्या, रंगावरून भांडण नको.

आता लहान फ्रेमचा मुद्दा, जो दुकानदार बहुतेक वेळा बोलत नाही. ५ फूट ३ म्हणजे ४९ किंवा ५२ सेंटीमीटरची फ्रेम. त्यात पुढचं चाक पायाच्या जवळ येतं. ३२ चा टायर आणि त्यावर मडगार्ड चढवला की हळू वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागतं. वेगात वळताना हँडल एवढं फिरतच नाही, पण ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर यू-टर्न घेताना पाडायला ते पुरेसं आहे. दुकानातच बघा: पेडल आडवं पुढे, हिवाळ्याचा जाड बूट पायात, हँडल वळवायचं. बोट-दीड बोट फट नसेल तर २८ चा टायर आणि अरुंद मडगार्ड, नाहीतर दुसरं मॉडेल.

मडगार्डचं माप: एसकेएस क्रोमोप्लास्टिकमध्ये पी३५ हे २८ पर्यंतच्या टायरला आणि पी४५ हे २८ ते ३७ ला. ३० किंवा ३२ चा टायर असेल तर पी४५ च. पुढच्या मडगार्डच्या सळ्यांना प्लास्टिकची सुटणारी क्लिप असते. काटकी अडकली तर मडगार्ड चाकात गुंडाळला जाण्याऐवजी सळी सुटते. ती क्लिप काढून ‘पक्कं’ बसवून देणारे महाभाग असतात, त्यांना नाही म्हणा. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) सळीच्या वाटेत येतो, तिथं लांब एम५ बोल्ट आणि १०-१५ मिमीचा स्पेसर लागतो. सगळ्या बोल्टना निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा, नाहीतर महिन्याभरात खडखड सुरू.

दुसरा प्रश्न. क्लॅरिस ८ गिअरची, सोरा ९ ची, टियाग्रा १० ची. हिवाळ्यात चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) झिजणारच आहेत, आणि ८ गिअरची सर्वांत स्वस्त पडते. खरा फरक ब्रेकचा आहे. क्लॅरिस आणि सोरात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, ब्रेक लिव्हर नाही, केबलवाले डिस्क येतात. टियाग्रात हायड्रॉलिकची सोय आहे. केबलवाल्या डिस्कमध्ये पॅड झिजला की लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागते आणि पॅड हातानं आत घ्यावा लागतो. हायड्रॉलिक स्वतःच जुळवून घेतो. तुमचा तो ओला उतार बघता हायड्रॉलिकवाली टियाग्रा बजेटात बसत असेल तर घ्या. बसत नसेल तर क्लॅरिस घेऊन दोन बदल करा: न दबणारी आउटर केबल, आणि सोबत आलेला कॅलिपर एकाच बाजूनं दाबणारा असेल तर दोन्ही बाजूंनी दाबणारा टीआरपी स्पायर. या दोन बदलांनी ब्रेकचा अर्धा दोष जातो. फक्त एक-दोन गिअर वाढतात म्हणून वरचा गिअरसंच घेण्यात अर्थ नाही.

जुनं_लोखंड

एवढा खटाटोप कशाला? ३०० पौंडांत सेकंडहँड ॲल्युमिनियमची रिम ब्रेकवाली मिळते, मडगार्डच्या भोकांसकट. एक-दोन हिवाळे वापरा, मग सोडून द्या. ना करार, ना एचआर.

नटबोल्ट

सपाट रस्त्यावर आणि १० मैलांच्या आत असेल तर तुमचं पटतं. इथं रोजचा मोठा उतार आहे. ओल्या रिमवर ब्रेक दाबल्यावर चाकाच्या पहिल्या फेऱ्यात नुसतं पाणीच पुसलं जातं, आणि ग्रिटच्या (रस्त्यावर टाकलेल्या खडेमिठाच्या) पाण्यात ब्रेक शू रिमवर सँडपेपर होतात. सेकंडहँड घेतलीच तर रिमच्या बाजूवरची खूण बघा, खाच किंवा बारीक खळगा असतो. ती दिसेनाशी झाली असेल तर रिम संपली, आणि दोन नव्या चाकांत ३०० चे ५०० होतात. शिवाय सेकंडहँडवर करबचत मिळणं जवळपास अशक्य.

ऑटली_ते_लीड्स

दोघांचेही आभार. कार्बनला भोकं नाहीत, ती यादीतून गेली. केबल डिस्कवाली क्लॅरिस ९०० च्या आसपास मिळतेय, हायड्रॉलिक टियाग्रा १२०० च्या वर. म्हणजे क्लॅरिसच, उरलेले ३०० सामानावर. व्हाउचरमध्ये काय काय चालतं? टायर, गार्मिन वगैरे?

पगारपत्रक

सुरक्षेचं सामान चालतं: हेल्मेट, दिवे, मडगार्ड, कुलूप, पंप, पंक्चर किट, हत्यारं, कॅरिअर आणि पिशव्या, परावर्तित होणारे कपडे. गार्मिनसारखा सायकल कॉम्प्युटर त्यात नाही. सुटे टायर सरळ यादीत बसत नाहीत, पण दुकानदार सायकल देतानाच टायर बदलून तो फरक सायकलीच्या किमतीत धरू शकतो. कॅलिपर आणि केबलचंही तसंच. म्हणून आधी सगळ्याचं एकत्र लेखी कोटेशन घ्या आणि नेमक्या त्या रकमेचाच अर्ज करा. व्हाउचरमधली उरलेली रक्कम परत मिळेल असं धरून चालू नका. पगाराच्या कटऑफनंतर अर्ज गेला तर पुढच्या महिन्यावर ढकलला जातो, तेव्हा सप्टेंबरातच हलवा.

चेन_काळी

३०० ची माझी वाटणी: मडगार्ड बसवणावळीसह ५०-६०, दिवे १००, टायरचा फरक ४०, कॅलिपर आणि केबल जमेल तेवढं, बाकी कुलूप. हेल्मेट तुमच्याकडे असेलच.

दिव्यांवर कंजुषी नको. शहरात दिसण्यापुरते २०० ल्युमेन चालतात, पण अंधाऱ्या रस्त्यावर खड्डा दिसायला ६०० तरी हवेत, आणि तेही परत येईपर्यंत टिकणारे. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून डब्यावर लिहिलेल्या वेळेतून पाव भाग कमी धरा. मागे दोन लाल दिवे लावा, एक सीटपोस्टवर आणि एक मडगार्डवर किंवा कॅरिअरवर. एक बंद पडला तरी चालत्या सायकलीवर ते कळत नाही. कायद्यानं सूर्यास्तानंतर मागे लाल रिफ्लेक्टर आणि पेडलवर पिवळे रिफ्लेक्टरही लागतात. क्लिपच्या पेडलना ते नसतात, म्हणून कामावर जायला एका बाजूनं सपाट असलेली, रिफ्लेक्टर लावता येणारी पेडल बरी.

टायर: कॉन्टिनेंटल ग्रँड प्रिक्स ४-सीझन किंवा त्या वर्गातला कुठलाही. गेटरस्किन पंक्चरला चांगला, पण ओल्यात घसरतो, उतारासाठी नको. शरद ऋतूत शेतकरी रस्त्याकडेची कुंपणं छाटतात आणि हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे महिनाभर रस्त्यावर पडून असतात. त्या दिवसांत घरी आल्यावर टायरवरून बोट फिरवून काटे उपटा. बहुतेक काटे पहिल्या दिवशी ट्यूबपर्यंत पोचत नाहीत, चौथ्या दिवशी पोचतात. ३० च्या टायरमध्ये ६० किलोच्या माणसाला ५५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. ९० पीएसआय भरून ओल्या रस्त्यावर उतरू नका.

डिस्कचे पॅड रेझिनचे येतात. ग्रिटच्या पाण्यात ते भराभर झिजतात. सिंटर्ड, म्हणजे धातूचे, जास्त टिकतात, पण आधी रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) काय लिहिलंय ते वाचा. स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असतं, त्यावर सिंटर्ड लावले तर रोटरच खाल्ला जातो. नवे पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबा, चाक लॉक न करता. हे न केल्यानं ब्रेक किंचाळतात आणि लोक दुकानाला दोष देतात.

मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलात की त्याच रात्री साध्या पाण्याची बादली ओतायची, प्रेशर वॉशर नाही, तो बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन टाकतो. चेन फडक्यानं पुसून वेट ल्यूब (ओल्या रस्त्यासाठीचं तेल), प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि वरचं तेल पुसून टाका. ८ गिअरच्या चेनला झीज मोजणारा मापक ०.७५ टक्के दाखवू लागला की चेन बदला. त्यापुढे ओढलीत तर कॅसेटही घ्यावी लागते.

ऑटली_ते_लीड्स

शेवटचं एक. बर्फाळ सकाळी ३२ चा टायर तारून नेईल का?

नटबोल्ट

काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ थरावर, रुंदी कामाची नाही. खिळ्यांचे टायर असतात, श्वाल्बे मॅरेथॉन विंटरसारखे, पण ते मडगार्डसकट या फ्रेममध्ये बसवणं कठीण. तापमान ३ अंशांच्या खाली आणि रस्ता ओला असेल तर त्या दिवशी बस.