माळ्यावरची गॅसबत्ती आणि तिचा अडकलेला व्हॉल्व्ह: घरच्या ग्रुपवरील चर्चा

ताई (देवगड): सर्वांना नमस्कार. माळा साफ करताना आजोबांची पितळी पेट्रोमॅक्स सापडली. काच शाबूत आहे, टाकीला वरून कुठे पोचा दिसत नाही. थोडे रॉकेल घालून पंप मारून पाहिला, तर दट्ट्या आपोआप वर येतो आणि रॉकेल पंपाच्या नळीत चढते. नळीच्या तळाचा व्हॉल्व्ह काढायला गेले, पण तो जागचा हलत नाही. गणपतीत ही बत्ती ओटीवर लागावी अशी मनापासून इच्छा आहे. अप्पाकाका, काय करावे?

अप्पाकाका (कुडाळ): ताई, तुझे निदान बरोबर आहे. तो एकाच दिशेने उघडणारा, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. पंपाची हवा टाकीत जाऊ द्यायची आणि टाकीतला दाब परत नळीत येऊ द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. त्याच्या आत एक बारीक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला बुचाची किंवा रबराची छोटी टिकली असते. ती टिकली वाळून कडक झाली की दाब उलटा येतो आणि दट्ट्या वर ढकलला जातो. म्हणजे टिकली बदलली की दोष जाईल, पण त्यासाठी व्हॉल्व्ह बाहेर यायलाच हवा.

आता तो अडकतो कशाने ते समजून घे, कारण उपाय त्यावरच अवलंबून आहेत. जुन्या रॉकेलचा डिंकासारखा चिकट थर आट्यांमध्ये बसून वाळतो, रॉकेलमधले पाणी तळाशी साचून राहते, आपल्याकडची खारी हवा पंपाच्या तोंडातून आत जाते, आणि व्हॉल्व्हखाली बसवलेला शिशाचा वायसर वर्षानुवर्षे दाबला जाऊन दोन्ही पृष्ठभागांना धरून बसतो. यांपैकी एकही गोष्ट नुसत्या जोराने सुटत नाही. जोराने फक्त व्हॉल्व्हच्या डोक्यावरची खाच तुटते, आणि एकदा खाच गेली की काम दहापट अवघड होते. म्हणून सध्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेव.

दादा (डोंबिवली): काका, ब्लोटॉर्चने नळी तापवली तर पाच मिनिटांत सुटेल असे वाटते. गॅरेजमध्ये अडकलेले नट असेच सोडवतात.

अप्पाकाका: दादा, इथे ज्योत अजिबात नको, आणि हे मी आग्रहाने सांगतो आहे. पहिले कारण म्हणजे टाकी कितीही रिकामी केली तरी आत रॉकेलची वाफ राहतेच. दुसरे असे की पंपाची नळी आणि टाकीचे जोड डाखाने, म्हणजे सोल्डरने, बसवलेले असतात. शिसे आणि कथलाचा डाख साधारण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तर ब्लोटॉर्चची ज्योत हजार अंशांच्या पुढे जाते. शिवाय गॅरेजमधला नट लोखंडी आणि उघड्यावर असतो. इथे व्हॉल्व्ह आणि नळी दोन्ही पितळेचे असल्याने तापवल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. उष्णतेचा उपयोग फुगवण्यासाठी नसून चिकट थर मऊ करण्यासाठी आहे, आणि त्याला उकळते पाणी पुरते.

ताई, काच, वरची टोपी, बर्नर आणि सांगाडा उतरवून नुसती टाकी हातात घे. रॉकेल ओतून टाक आणि भरण्याचे बूच उघडे ठेवून टाकी मोकळ्या हवेत ठेव. पंपाचा दांडा काढून नळीत टॉर्च टाकून पाहा: व्हॉल्व्हच्या डोक्यावर आडवी खाच आहे, की दोन बाजूंनी सपाट केलेले डोके आहे? सपाट डोके असेल तर नळीसारखा खास पाना लागतो. खाच असेल तर पुढे जाऊ.

ताई: खाच आहे, आणि तिच्या कडा अजून बऱ्या स्थितीत आहेत.

अप्पाकाका: उत्तम. मग चुलीपासून लांब, अंगणात बसून नळीत उकळते पाणी ओत, थोडा वेळ राहू दे, ओतून टाक आणि पुन्हा भर. टाकीचे बूच या सगळ्या वेळात उघडेच असावे. नळी पुसून कोमट असतानाच डब्ल्यूडी-४० सारखे झिरपणारे तेल व्हॉल्व्हवर सोड आणि टाकी उभी ठेवून रात्रभर तशीच राहू दे. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा कर. हे कंटाळवाणे वाटेल, पण खरे काम या मुरण्यातच होते.

हत्याराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक व्हॉल्व्ह इथेच बिघडतात. बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते असते, त्यामुळे जोर लावला की ते खाचेतून वर सरकते आणि कडा खाऊन टाकते. आपल्याला लांब दांड्याचा आणि खाचेची पूर्ण रुंदी भरून काढणारा स्क्रूड्रायव्हर हवा, आणि त्याच्या पात्याच्या दोन्ही बाजू घासून समांतर केलेल्या हव्यात, म्हणजे तो खाचेत घट्ट बसेल. तिथल्या एखाद्या वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडरवर ते करून घे.

त्यानंतरची युक्ती अशी: स्क्रूड्रायव्हर हातात धरायचा नाही. त्याचे पाते वर करून तो व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावर बसवलेल्या पकडीत, उभा आवळायचा, टाकी उलटी करून नळी त्यावर उतरवायची आणि पाते खाचेत बसल्याची खात्री झाली की दोन्ही हातांनी टाकी खाली दाबत फिरवायची. टाकीचा घेर मोठा असल्याने हातांना जोर भरपूर मिळतो, आणि खाली दाब असल्याने पाते निसटत नाही. आधी केसभर आवळण्याच्या दिशेने जोर दे, म्हणजे धरलेला थर तडकतो; मग सोडण्याच्या दिशेने. टाकी उलटी असल्याने दिशा चुकू शकते, म्हणून टाकीवर खडूने बाण काढून ठेव.

माईआत्या (मालवण): अप्पा, ही बत्ती बरीच वर्षे गोठ्यात टांगलेली असे, माळ्यावर ती नंतर गेली. त्याने काही बिघडले असेल का? आणि पितळ चिंचेने घासले तर चालेल ना?

अप्पाकाका: माई, हे तू सांगितलेस ते फार महत्त्वाचे आहे. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा एकत्र आली की ताणाखाली असलेल्या पितळेला बारीक तडे जातात. ब्रिटिश लष्कराची हिंदुस्थानातल्या तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात अशीच तडकत असत, आणि त्याचे कारण अमोनिया हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. टाकीचा पत्रा ठोकून आणि दाबून घडवलेला असल्याने त्यात तसाच ताण शिल्लक असू शकतो. तेव्हा टाकीच्या कडा आणि जोड भिंगाने नीट पाहायला हवेत. चिंच किंवा आमसूल बाहेरून चोळून लगेच धुतले तर हरकत नाही. फार वेळ ठेवले तर जस्त निघून पृष्ठभाग तांबूस होतो. अमोनिया असलेले पॉलिश मात्र वापरू नये.

ताई: काका, व्हॉल्व्ह सुटला! व्हाइसवर टाकी दाबून फिरवताच बारीक कट् असा आवाज झाला आणि तो सहज फिरू लागला. स्प्रिंग ठीक आहे, टिकलीचा मात्र भुगा झाला आहे.

अप्पाकाका: शाब्बास, ताई! खूप आनंद झाला. आता नळीच्या तळाशी जुना शिशाचा वायसर चिकटून राहिला असेल, तो लाकडी काडीने किंवा वाकवलेल्या तारेने पूर्ण काढ. त्यावरच नवा बसवला तर गळती राहील. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धू. टिकली नायट्राइल, म्हणजे रॉकेलला टिकणाऱ्या, रबराच्या शीटमधून कापून घे. सायकलच्या ट्यूबचे रबर रॉकेलमध्ये फुगते, ते नको. बसवण्याआधी व्हॉल्व्हला छोटी नळी लावून फुंकून पाहा: एका बाजूने हवा जावी, दुसऱ्या बाजूने अजिबात जाऊ नये.

दादा: म्हणजे यानंतर लगेच पेटवता येईल का?

अप्पाकाका: नाही. माईने गोठ्याचे सांगितले आहे, त्यामुळे आधी टाकीची परीक्षा. रॉकेल न घालता सगळी बुचे बंद करून बेताचा दाब भरावा, गेजवरच्या लाल रेषेच्या बराच खाली, आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवावी. पंपाच्या तोंडातून फुगे आले तर व्हॉल्व्ह अजून नीट बसलेला नाही, तो पुन्हा आवळता येईल. टाकीच्या पत्र्यातून किंवा जोडातून एक जरी फुगा आला, तरी ती बत्ती रॉकेलवर पेटवायची नाही. मग गणपतीत तिच्यात विजेचा दिवा लावून ओटीवर टांगू. ताई, परीक्षा दिवसाउजेडी कर आणि बादलीचा फोटो इथे टाक, म्हणजे फुगा नेमका कुठून येतो ते मला पाहता येईल.