मामांना रात्रीचं बेळगाव गाडीतून दाखवायचंय, रस्ता सुचवा

निपाणीची लेक

नमस्कार मंडळी. माझे मामा ८४ वर्षांचे आहेत. जन्म बेळगावचा, रामलिंगखिंड गल्लीतला. १९६१ साली नोकरीसाठी मुंबईला गेले, पुढे बेळगावचं घर विकलं गेलं आणि येणंजाणं तुटलं. यंदा दिवाळीला ते माझ्याकडे निपाणीला येणार आहेत. फोनवर त्यांनी एकच मागितलं, "एकदा बेळगाव फिरवून आण, खरं रात्रीचं."

रात्रीचं अशासाठी, की डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना ऊन सोसत नाही. वॉकरशिवाय दहा पावलंही जमत नाहीत. दिवसा गणपत गल्लीत गाडी घातली तर त्यांना माणसांच्या पाठीशिवाय काही दिसणार नाही.

एका ट्रॅव्हल ऑफिसात विचारलं. त्यांचं 'नाइट सिटी टूर' असं तयार पॅकेज आहे. गेल्या वर्षी माझ्या नणंदेकडची माणसं त्यांच्याचबरोबर गेली होती. बारा सीटची गाडी, खिडक्यांना पडदे, आत निळे दिवे आणि मोठ्यानं गाणी. चन्नम्मा सर्कलला फोटो, हायवेवरून सुवर्ण विधानसौधाची (कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीची) रोषणाई, मग जेवण. गाडी किल्ल्यात गेलीच नाही, गावातल्या गल्ल्यांतही नाही. मामांना असं फिरवलं तर ते बोलणार काही नाहीत, पण मला ते कळेल आणि ते मला सोसणार नाही.

आम्ही पाच जण असू. गाडी कुठली घ्यावी, कुठून सुरुवात करावी, रात्री काय उघडं असतं, कुठे थांबता येतं? कुणी आपल्या म्हाताऱ्या माणसांना असं फिरवलं असेल तर जरूर सांगा.

कॅम्पातला

ताई, किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, आतून बघायची असेल तर उजेडातच जा. अंधार पडल्यावर उघडी मिळेल हे धरून चालू नका. किल्ल्यात आणि कॅम्पात लष्कराच्या जागा आहेत. पहारेकऱ्यानं हटकलं तर गाडीतला दिवा लावून शांतपणे सांगायचं, आणि तिथे फोटो काढायचे नाहीत. मिलिटरी महादेवच्या देवळात जायचं असेल तर तेही लवकरच उरका.

अनगोळचा गाडीवाला

ताई, मी ३० वर्षं टूरिस्ट गाडी चालवतोय. आधी मेटाडोर, मग ओमनी, आता इको. तुमचं वाचलं आणि मुलाला म्हटलं बस, मी सांगतो ते लिही.

पहिली गोष्ट गाडीची. टेम्पो ट्रॅव्हलर नको. पहिली पायरीच उंच, आणि खडेबाजारातून आत वळायचं म्हटलं की ती गाडी अडते. लहान व्हॅन घ्या, सरकत्या दाराची. मामांना मधल्या सीटवर दाराच्या बाजूला बसवा. घरातला जेवणाचा लाकडी पाट बरोबर ठेवा. उतरताना तो खाली टाकला की गुडघ्याला निम्मं वाकावं लागतं. वॉकर मागे.

दुसरी गोष्ट दिव्याची, आणि ही कुणी सांगत नाही. रात्री गाडीच्या आतला दिवा लागला की काचेचा आरसा होतो. बाहेरचं देऊळ दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. म्हणून आतले सगळे दिवे बंद. पोरांना मोबाईल मांडीवर उलटे ठेवायला सांगा. चौकात थांबलं की मी हेडलाइटही बंद करतो आणि नुसते पार्किंगचे ठेवतो. दोन मिनिटं जाऊ देत. डोळे सरावले की जुन्या घरांच्या माळ्यांच्या लाकडी पट्ट्या, खिडकीखालचे दगड, सगळं हळूहळू वर येतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना समोरून येणाऱ्या गाडीचा झोत फार लागतो, तेव्हा मामांना डावीकडे बसवा, उजवीकडे नको. पाऊस आलाच तर बाहेरून काचेला तंबाखू चोळून घ्यायची, पाणी धरत नाही. निपाणीच्या माणसाला तंबाखू मी काय सांगणार!

आता दिवस. दिवाळीच्या आदल्या दिवसांत येऊ नका, बाजार रात्री उशिरापर्यंत तुंबलेला असतो. भाऊबीजेची रात्र धरा. दुकानं बंद, माणसं घरात, आणि गल्लोगल्ली पोरांनी केलेले किल्ले अजून उभे असतात. ताई, मामांना बाकी काही दाखवायला जमलं नाही तरी चालेल, खरं हे किल्ले दाखवा. बेळगावच्या पोरांसारखा किल्ला दुसरीकडे होत नाही हे मी छातीठोक सांगतो. मातीचा, दगडाचा, वर अळीव पेरून हिरवळ आणलेली, दरवाज्यावर मावळे, आत बारके बल्ब. हे बघायचं ते रात्रीच.

रस्ता असा. पाचच्या आत किल्ल्यात. दारातल्या गणपती आणि दुर्गादेवीचं दर्शन, मग कमल बस्ती. सूर्य बुडाला की बाहेर यायचं आणि तळ्याकाठी गाडी लावायची. तिथे झेंड्याचा ११० मीटर उंचीचा खांब आहे, तो मामांच्या वेळचा नव्हे, खरं खंदक आणि तळं त्यांच्या ओळखीचं आहे. तिथेच चहा, तिथेच आठ वाजू द्यायचे. घाई केलीत तर बाजार जागाच सापडेल. मग खडेबाजार, शनिवार खूट, गणपत गल्ली, मारुती गल्ली, हुतात्मा चौक, रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक. तिथून कपिलेश्वरचा पूल चढून शहापूर. परत येताना टिळकवाडीत काँग्रेस रोडनं वीरसौध, १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक. दुसऱ्या रेल्वे गेटला मालगाडी आली की अडकायला होतं, तेवढं टाळा.

विधानसौध सोडा. ती इमारत २०१२ची, मामांच्या आठवणीत तिचं काही नाही. अर्धा तास तिकडे घालवण्यापेक्षा त्यांच्या गल्लीत अर्धा तास थांबा.

भाडं किलोमीटरवर ठरवू नका. असल्या फेरीत गाडी चालते थोडी, थांबते जास्त, आणि मग ड्रायव्हर घाई करायला लागतो. तासावर ठरवा, ड्रायव्हरचा रात्रीचा बाटा (भत्ता) वेगळा, आणि 'सांगेन तिथे थांबायचं' हे आधी बोलून घ्या.

शहापूरच्या बाई

गाडीवाले दादांनी रस्ता अगदी बरोबर सांगितला आहे. मी शाळेत इतिहास शिकवत होते, म्हणून दोनचार गोष्टी जोडते. गाडीत मामांशी बोलायला उपयोगी पडतील.

कमल बस्ती १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराजा यानं ती बांधली. आत नेमिनाथ आहेत. मंडपाच्या छताला दगडी कमळ उलटं लोंबतं, त्याला ७२ पाकळ्या आहेत, मागच्या, आताच्या आणि पुढच्या काळातले चोवीस चोवीस तीर्थंकर. वॉकरवर उभ्या माणसाला मान इतकी वर करता येत नाही, तोल जातो. माझ्या आईला नेलं तेव्हा आम्ही तिला खुर्चीवर बसवून मांडीवर हातभर आरसा ठेवला. तिनं खाली बघून सगळं कमळ पाहिलं. आरसा न विसरता घ्या.

किल्ल्यातली साफा मशीद १५१९ची, असदखानानं बांधलेली. तिच्या दोन खांबांवर जुने लेख आहेत, एक रट्टांच्या काळचा, एक देवगिरीच्या यादवांच्या काळचा. भाषा कन्नड आणि लिपी नागरी. आपल्याकडे भाषेवरून इतकं रण झालं, त्या गावात हे दोन खांब शेकडो वर्षं उभे आहेत. मला ते नेहमी आत कुठेतरी लागतं.

१८१८ साली इंग्रजांच्या मुनरोच्या फौजेनं या किल्ल्याला २१ दिवस वेढा घातला होता. खंदकाजवळ गाडी थांबेल तेव्हा हे सांगा. अंधारात खंदकाची खोली दिसत नाही, पण गार हवा वर येते ती खिडकीतून कळते.

मारुती गल्लीच्या बाजूला रिसालदार गल्ली आहे. तिथल्या भाट्यांच्या घरी ऑक्टोबर १८९२मध्ये स्वामी विवेकानंद तीन दिवस राहिले होते, मग किल्ल्याकडे हरिपद मित्र नावाच्या गृहस्थांकडे. घर बाहेरून बघता येईल.

आणि कपिलेश्वरचा पूल उतरलात की मामांना सांगा, 'आता सांगली संस्थान लागलं'. शहापूर पटवर्धनांच्या सांगलीत होतं आणि बेळगाव इंग्रजांकडे. ८४ वर्षांच्या माणसानं हे लहानपणी घरात नक्की ऐकलेलं असणार. वीरसौधाचं त्यांना सांगावं लागणार नाही. १९२४चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच, आणि ते उभं केलं गंगाधरराव देशपांड्यांनी. तिथली विहीर अधिवेशनासाठीच खणलेली आहे.

निपाणीची लेक

बाई, दादा, तुमचे उपकार कसे फेडू! भाऊबीज नक्की केली. एक अडचण: मामांना दर दीडदोन तासांनी बाथरूमला जावं लागतं. आणि गल्लीत रात्री गाडी लावली तर लोक चिडणार नाहीत ना?

अनगोळचा गाडीवाला

किल्ल्यातून निघाल्यावर एकदा आणि शहापुरात शिरायच्या आधी एकदा पेट्रोल पंपावर घ्या, मी पंप दाखवीन. गल्लीत कुणी चिडत नाही. 'आमचे मामा इथलेच' एवढं म्हणा, आतून खुर्ची येते का नाही बघा.

निपाणीची लेक

परवा जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

गाडी अनगोळच्या दादांचीच घेतली. पाच वाजता कमल बस्तीत होतो. आरसा मांडीवर ठेवला तर मामांना आधी काय करायचं ते कळेना, मग त्यांनी तो दोन्ही हातांनी हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पाकळ्या मोजल्या. एकतीसपर्यंत आले आणि चुकले, पुन्हा पहिल्यापासून. तिथले गृहस्थ दार लावायला आले होते, ते खांबाला टेकून थांबले. मामांचे बहात्तर पुरे झाल्यावरच त्यांनी कुलूप लावलं.

तळ्याकाठी फार वेळ गेला. साडेआठला खडेबाजारात शिरलो. आतले दिवे बंद, मोबाईल उलटे. दादा गाडी इतकी सावकाश घेत होते की शटरवरची नावं वाचता येत होती. मामा नावं वाचतच नव्हते. ते शटरच्या वर बघत होते, माळ्याकडे. "इथं शिंपी बसायचा." "इथं पिठाची गिरण." मला तिथे नुसती बंद खिडकी दिसायची. हुतात्मा चौकात त्यांनी हात वर केला, दादांनी गाडी थांबवली. मामांनी टोपी काढली आणि मिनिटभर काही बोलले नाहीत. १९५६च्या सीमालढ्याच्या वेळी ते शाळेत होते, एवढंच मला ठाऊक आहे. विचारलं नाही.

रामलिंगखिंड गल्लीत त्यांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी घाबरले होते. पण शेजारच्या बोळाच्या तोंडाशी पोरांचा किल्ला होता, राजगड. दादांनी पाट टाकला, मामा उतरले, आणि खरंच आतून प्लास्टिकची खुर्ची आली. बल्ब लावलेले, अळीव बोटभर वाढलेला, पद्मावती माचीवर तळ्यासाठी स्टीलची वाटी पुरलेली. मामा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "सुवेळा माची लांब हवी रे, ही आखूड झाली. आणि बालेकिल्ला अजून एक वीत वर." त्यातला एक पोरगा, आठवीतला असेल, म्हणाला, "आजोबा, माती संपली." मामा म्हणाले, "आम्ही तळ्याकडून आणायचो." पोरगा पळत आत गेला आणि घमेलं घेऊन आला, तुळशीखालची माती. साडेनऊ वाजता गल्लीत चार पोरं आणि माझे मामा खुर्चीवर, बालेकिल्ला वर चढत होता. त्यांच्या नखांत माती गेली, ती त्यांनी निपाणीला येईपर्यंत धुतली नाही.

शहापुरात पूल उतरल्यावर मी बाईंनी सांगितलेलं वाक्य म्हटलं. मामा लगेच म्हणाले, "माझी आत्या सांगलीच्या राज्यात दिलेली," आणि खूप हसले. आत्याचं सासर शहापुरात, माहेरापासून चालत यायच्या अंतरावर!

वीरसौध बाहेरूनच पाहिलं. तोवर ते थकले होते. दुसरं गेट टाळायचं ठरलं होतं, पण त्यांनीच तिकडे न्यायला सांगितलं. फाटक पडलेलं, मालगाडी आली, काचा थरथरल्या. शेवटचा डबा जाईपर्यंत ते खिडकीला हात लावून बसले होते.

ज्यांना असं न्यायचं आहे त्यांना एक सांगते. ठिकाणं कमी ठेवा. आम्ही रिसालदार गल्ली आणि मिलिटरी महादेव सोडलं, आणि त्याचं काही वाटलं नाही. गरम पाणी थर्मासमध्ये घ्या, रात्री गार होतं. शाल घ्या.

दादा, आमचा पाट तुमच्याच गाडीत राहिला. तुळशीच्या लग्नाच्या आत मी बेळगावला येणार आहे, तेव्हा घेईन.

अनगोळचा गाडीवाला

पाट घरी पुसून ठेवलाय ताई. आणि काल त्या बाजूला भाडं होतं म्हणून गल्लीत डोकावून आलो. बालेकिल्ला तसाच आहे, त्यावर पोरांनी भगवा लावलाय. मामांना सांगा.