फेर: ॲलिस ते उलुरू – तक्त्यातली २५ मिनिटं

प्रेषक: सचिव
जुलैतल्या ऑस्ट्रेलिया सहलीची नावं शुक्रवारी पक्की करायची आहेत. सहलीच्या तक्त्यात डार्विनच्या मंडळींपुढे ॲलिस (ॲलिस स्प्रिंग्ज गाव) ते उलुरू (वाळवंटातला प्रचंड खडक) विमानाने ३३४ किमी, २५ मिनिटं असं आहे, आणि गाडीवाल्यांपुढे ४५०. नक्की काय धरायचं? पहिल्या संध्याकाळचा सूर्यास्त कुणाचाही चुकू नये.

प्रेषक: सहल समिती
अंतरं दोन्ही बरोबर आहेत. ३३४ हे विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत. रस्ता काटकोनात जातो: स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला अर्लडंडाचा थांबा साधारण २००, तिथून उजवीकडे लॅसेटर हायवेने युलारा, म्हणजे उलुरूजवळचं मुक्कामाचं गाव, २४५. ॲलिसचा विमानतळ गावाच्या दक्षिणेला, याच वाटेवर आहे, म्हणजे तेवढे किलोमीटर वाचतात.

चुकलीत ती २५ मिनिटं. अंतर काढणाऱ्या संकेतस्थळाने अंतराला ताशी ८०० ने भागलंय. एवढ्या पल्ल्यात विमान वर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं, ८०० चा वेग फार तर काही मिनिटं मिळतो. दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत ५०-५५ मिनिटं लिहा.

प्रेषक: माजी खजिनदार
थेट विमान रोज असेलच असं नाही. नसलं की शोधताना सिडनीवरून तिकीट पुढे येतं: २,००० किमी पूर्वेला जा, २,१८० परत पश्चिमेला या. ते कुणीही घेऊ नये. आणि तिकिटं समितीनेच काढावीत, गेल्या वेळचा गोंधळ पुन्हा नको.

प्रेषक: गाड्यांची जबाबदारी
मग गाडीच. अकराला उतरलात तर सामान, कागदपत्रं, किल्ली यात पाऊण तास. चालवायला साडेचार तास, वर थांब्याचा अर्धा तास, पावणेपाचला युलारा. जुलैत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, म्हणजे जमतं. दुपारी दोनला उतरणारं विमान मात्र घेऊ नका. अंधार पडला की गुरं, कांगारू, उंट रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या गाडीच्या करारात गावाबाहेर रात्री चालवायला बहुधा मनाई असते. करारातली रोजची किलोमीटर मर्यादा आधी वाचा. १०० असली तर एका फेरीतच चार दिवसांची संपते. टाकी अर्लडंडाला भरा. पुढे कर्टिन स्प्रिंग्जपर्यंत पंप धरू नका, फोनची रेंजही धरू नका. डावीकडे सपाट माथ्याचा डोंगर दिसेल तो माउंट कॉनर, उलुरू नव्हे.

प्रेषक: सिडनी गट
आमच्या सिडनी–उलुरू तिकिटावर जाताना तीन तास आणि येताना साडेतीनच्या वर दिसतात. परतीचं विमान मध्ये कुठे थांबतं का?

प्रेषक: सहल समिती
नाही ताई, थेटच आहे. उलुरूचं घड्याळ जुलैत सिडनीच्या अर्धा तास मागे. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात, त्यांची नुसती वजाबाकी करू नका. प्रत्यक्षात उलट आहे: जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, साडेतीन तास लागतात, येताना तोच पाठीशी, सव्वातीनच्या आत. ऑक्टोबरात गेला असता तर फरक दीड तासाचा झाला असता, कारण सिडनीत तेव्हा उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, उलुरू ज्यात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीत करत नाहीत. डार्विन–ॲलिसला ही भानगड नाही: १,३०० किमी, दोन तास, घड्याळ एकच.

प्रेषक: माजी खजिनदार
तक्त्यात विमानतळाचं नाव उलुरू लिहिलंय. तिकिटावर एअर्स रॉक येतं, कोड एवायक्यू.

प्रेषक: सिडनी गट
खडकाला उलुरूच म्हणूया. एअर्स रॉक हे त्याचं इंग्रजी नाव; १९९३ मध्ये दोन्ही मिळून दुहेरी नाव झालं, २००२ पासून त्यातही उलुरू आधी.

प्रेषक: सचिव
विमानतळापुढे कोड लिहिला, खडकापुढे उलुरू. २५ खोडून ५५ केले. गाडीमागे दोन चालक हवेत; परवान्याचे तपशील फक्त मला पाठवा, लिस्टवर नको.